पेरणीआधी विहीर मोजा

परतीचा पाऊस थांबला की रब्बीची गडबड सुरू होते. बियाणे कोणते, खत किती, याची चौकशी गावोगाव होते. विहिरीत पाणी किती, हे मात्र बहुतेक जण काठावरून डोकावून ठरवतात. पाणी वर आलेले दिसते, गहू पेरला जातो आणि फेब्रुवारीत नेमका दाणा भरायच्या वेळी मोटार हवा ओढू लागते. हे टाळायचे तर पेरणीआधीचा एक दिवस विहिरीसाठी काढा.

दोरीला वजन बांधून विहिरीत तळापर्यंत सोडा. दोरी जेवढी भिजली तेवढी पाण्याची खोली. मग विहिरीचा व्यास फुटांत मोजा, त्या आकड्याला त्याच आकड्याने गुणा आणि आलेल्या संख्येला २२ ने गुणा. एक फूट पाण्यात साधारण किती लिटर आहेत, ते कळेल. २० फूट व्यासाच्या विहिरीत हा आकडा ८,८०० येतो. अशा विहिरीत २५ फूट पाणी असेल तर झाले २ लाख २० हजार लिटर. ऐकायला भरपूर वाटते. पण एका एकरावर दोन इंच पाणी उभे करायला सुमारे २ लाख ५ हजार लिटर लागतात. म्हणजे काठोकाठ दिसणारी ही विहीर जेमतेम एका एकराची एक पाळी भरते. बाकीची सारी मदार झऱ्यांवर.

म्हणून उमाळाही मोजा. संध्याकाळी उपसा बंद करून पातळीची खूण करा आणि सकाळी पाणी किती चढले ते पाहा. रात्रीत चार फूट चढले तर ३५ हजार लिटर आले. रोजचा उपसा एवढाच ठेवला, तर एकराची एक पाळी सहा दिवसांत होते. हा ऑक्टोबरचा उमाळा आहे. जानेवारीत तो बराच उतरलेला असतो, तेव्हा नियोजन करताना त्याचा निम्माच धरा.

महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग काळ्या बेसॉल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी राहते ते वरच्या मुरमाच्या थरात आणि फटींमध्ये. ही साठवण थोडी, आणि तिची भरपाई पावसावर. विहीर आटली म्हणून कर्ज काढून खोल बोअर घेणे हा आपल्याकडचा सर्वांत महागडा जुगार आहे. खोल फटीतले पाणी लागले तरी ते भरायला फार वेळ लागतो, आणि पुष्कळदा ते शेजारच्या विहिरीचेच असते.

पाण्याची वाटणी करताना आधी घर आणि गोठा धरा. दुभत्या जनावराला उन्हाळ्यात दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी लागते. चार जनावरांचे चार महिन्यांचे मिळून ३०-३२ हजार लिटर होतात. एकराच्या एका पाळीच्या सहाव्या हिश्शाहूनही कमी. तरीही एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहावी लागते, कारण हा हिस्सा आधी कोणी बाजूला काढलेलाच नसतो.

उरलेल्या पाण्यावर पीक ठरवा. गव्हाच्या पाच पाळ्यांचे पाणी अडीच एकर हरभऱ्याला दोन-दोन पाळ्या देते. गहू घ्यायचाच असेल आणि पाणी तीनच पाळ्यांचे असेल, तर ती २०-२२, ४०-४२ आणि ६०-६५ दिवसांनी द्या. दोनच शक्य असतील तर मधली वगळा; एकच असेल तर ती ४०-४२ दिवसांनीच द्या. हरभऱ्याला फुले येऊ लागताना एक आणि घाटे भरताना एक पाणी पुरते. जास्त दिले तर पीक उभळते.

भारी जमिनीत ज्वारी साठलेल्या ओलीवर निघते, पण ती ओल राखावी लागते. जुनी माणसे एका कोळपणीला अर्धे पाणी म्हणतात, ते अनुभवाचे बोल आहेत. काळी जमीन भेगाळली की ओल भेगांतून उडून जाते. कोळप्याने सुटी झालेली माती त्या भेगा बुजवते. तिसऱ्या आठवड्यात फटीचे कोळपे, पाचव्यात पासेचे आणि आठव्यात दातेरी कोळपे चालवा. ऊस असेल तर तिथेही ओल अशीच राखा; पाचट पेटवू नका. सरीत पसरा आणि पाणी सरीआड द्या.

एकट्याने पाणी राखून मात्र भागत नाही, कारण खडकाखाली बांध नसतो. हिवरे बाजारची ग्रामसभा पावसाच्या मोजणीवरून पाण्याचा ताळेबंद मांडते आणि पिके त्यावर ठरतात. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाही, असा गावाचाच नियम आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीच्या एकरांवर न वाटता घरातल्या माणसांवर वाटले गेले आणि उसाला त्यात जागा नव्हती.

ही ओढाताण फक्त आपल्याकडची नाही. जगात माणूस जेवढे गोडे पाणी उचलतो, त्यातले सुमारे ७० टक्के शेतीला जाते, आणि भूजलाचा सर्वाधिक उपसा भारतात होतो. अमेरिकेत कॅन्सस राज्याच्या वायव्य भागात ओगलाला भूजलसाठा खालावत चालला, तेव्हा शेरिडन परगण्यातल्या शेतकऱ्यांनी २०१३ पासून पाच वर्षांसाठी उपसा २० टक्के कमी करण्याचे आपणहून ठरवले. मक्याचे काही क्षेत्र त्यांनी ज्वारी आणि गव्हाकडे वळवले. उपसा ठरवल्याहून जास्त घटला आणि नफा टिकून राहिला. शेकडो एकर कसणाऱ्यांना जे जमले, ते एका शिवारातल्या तीस-चाळीस विहीरमालकांना अशक्य नाही.

राज्याची भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशा चार वेळा मोजते. त्याच महिन्यांत आपलीही विहीर मोजा आणि आकडा वहीत तारखेसह लिहा. पहिली नोंद याच आठवड्यात करा. बागायती गव्हाची वेळेवर पेरणी १ ते १५ नोव्हेंबरदरम्यान होते. त्याआधी शिवारातल्या सगळ्या विहिरींचे आकडे ग्रामसभेत ठेवा आणि गव्हाचे क्षेत्र तिथेच एकमताने ठरवा.