फ्रिस्बीमुळे अभ्यास बुडेल का?

प्रश्न : मुलगी चुडाव्याहून रेल्वेने नांदेडच्या कॉलेजला जाते. तिथे अल्टिमेट फ्रिस्बी खेळायला लागली आहे. मार्क कमी होतील का?
– एक आई, चुडावा (जि. परभणी)

उत्तर : ताई, खेळाने मार्क आपोआप वाढत नाहीत, पण तिला अडवू नका. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. तो इथे पळण्यातच होतो. शिवाय १९६८ साली अमेरिकेतल्या शाळकरी मुलांनी सुरू केलेल्या या खेळात सहसा पंच नसतो. फाउल झाला की खेळाडूंनीच बोलून निर्णय घ्यायचा. हे शिक्षण मला फार मोलाचे वाटते.

खरी अडचण प्रवासाची. गाडी चुकली की संध्याकाळचा अभ्यास गेलाच. म्हणून सराव गाडीच्या वेळेशी जुळवा, परीक्षेच्या दिवसांत कमी करा. झोप मात्र तोडू देऊ नका.