काठी वाळवायला कोणती मोटार?

बीड जिल्ह्यातील परळी तालुक्यात सिरसाळा हे गाव आहे. हा भाग तसा कमी पावसाचा. तरीही गोदावरीचे पात्र, नागापूरचे वाण धरण आणि सिंदफणेवरील माजलगावचे धरण हे जलसाठे याच परिसरात आहेत. धंदा म्हणून मासेमारी करणारे जाळे वापरतात; हौसेने गळ टाकणाऱ्याला मात्र एक चांगली काठी पुरते. अशी काठी घरी तयार करता येते. ती करताना शेवटी एक प्रश्न पडतो, आणि त्याच्या उत्तरात भौतिकशास्त्राचे दोन-तीन धडे दडलेले आहेत. तो प्रश्न असा : काठी वाळवताना फिरती ठेवण्यासाठी कोणती मोटार घ्यावी?

काठी फिरवायची कशासाठी?

काठीवर दोरी ओवण्यासाठी छोट्या कड्या बसवतात. प्रत्येक कडीचे पाय काठीवर दोऱ्याने घट्ट गुंडाळतात आणि त्या दोऱ्यावर इपॉक्सीचा थर देतात. इपॉक्सी म्हणजे राळ आणि तिला घट्ट करणारे दुसरे द्रव्य यांचे मिश्रण. ओला कपडा वाळतो तो पाण्याची वाफ होऊन; इपॉक्सी मात्र रासायनिक क्रियेने घट्ट होते. लहान रेणू एकमेकांना जोडले जाऊन त्यांचे जाळे तयार होते. या क्रियेला काही तास लागतात आणि तोपर्यंत थर ओला असतो. काठी स्थिर ठेवली, तर गुरुत्वाकर्षणाने तो खाली ओघळतो व तळाशी थेंब गोठतात.

एक प्रयोग करून पाहा. पेन्सिलीच्या मध्यभागी थोडी काकवी लावा आणि पेन्सिल आडवी धरा. काकवी खालच्या बाजूला जमू लागेल. आता पेन्सिल बोटांनी सावकाश फिरवत राहा. थेंब तयार होण्यापूर्वीच खालची बाजू वर जाते आणि काकवी उलट दिशेने सरकू लागते. चिकटपणामुळे ती फार सरकत नाही आणि पृष्ठताण तिचा पृष्ठभाग सारखा करतो. काठी वाळवण्याची युक्ती हीच आहे.

वेग किती हवा?

मग पंख्याची मोटार का लावू नये? गणित करून पाहू. फिरणाऱ्या वस्तूवरील द्रव बाहेर फेकला जाऊ पाहतो. हे केंद्रोत्सारी बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आपला थर काठीच्या मध्यापासून ५ मिलिमीटर अंतरावर आहे असे धरा. मिनिटाला १० फेरे असतील, तर हे बल गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १,८०० व्या भागाइतके, म्हणजे नगण्य असते. ३०० फेऱ्यांना ते गुरुत्वाकर्षणाच्या निम्मे होते. १,००० फेऱ्यांना साडेपाच पट होते आणि इपॉक्सीचे शिंतोडे भिंतीवर उडतात!

म्हणून वाळवण्यासाठी मिनिटाला साधारण ५ ते २० फेरे पुरेत. येथे ‘मोठी मोटार ती चांगली’ हा हिशेब लागू पडत नाही.

दोन कामे, दोन मोटारी

काठीला काचकागद लावताना आणि दोरा गुंडाळताना वेग आपल्या हाती असावा लागतो : कधी सावकाश, कधी जलद, कधी एकदम थांबणे. या कामाला शिलाई मशीनची मोटार सोयीची. तिचा वेग पायाखालच्या पट्टीने कमीजास्त करता येतो. पण भार बदलला की तिचा वेगही बदलतो आणि तासन् तास अगदी मंद चालवण्यासाठी ती बनवलेली नसते.

वाळवण्यासाठी सिंक्रोनस मोटार उत्तम. सिंक्रोनस म्हणजे विजेच्या तालावर चालणारी. मायक्रोवेव्ह भट्टीतील काचेची थाळी फिरवणारी छोटी मोटार बहुधा याच जातीची असते. तिच्या वेगाचे सूत्र सोपे आहे :

मिनिटाला फेरे = १२० × वारंवारता ÷ ध्रुवांची संख्या

आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ आहे. समजा, मोटारीत १२ ध्रुव आहेत. तर तिचे मिनिटाला ५०० फेरे होतील. आत १०० पट वेग कमी करणारी दंतचक्रे असली, की बाहेरचा दांडा मिनिटाला ५ फेरे घेईल. अमेरिकेत वारंवारता ६० हर्ट्‌झ असल्याने हीच मोटार तेथे ६ फेरे घेईल. म्हणूनच अशा मोटारींवर ‘५/६’ असा आकडा छापलेला दिसतो.

आता गंमत पाहा. परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रातील जनित्रे वीज देताना मिनिटाला ३,००० फेरे घेतात. वरील सूत्रात २ ध्रुव घातले की हाच आकडा येतो. सिरसाळ्यातील एखाद्या घरात काठी फिरवणारी चिमुकली मोटार या प्रचंड जनित्रांचाच ताल धरून चालते. संध्याकाळी गावात विजेचा दाब थोडा उतरला, दिवे मंदावले, तरी वारंवारता तीच राहते. म्हणून मोटारीचा वेगही तोच राहतो.

ताकद किती लागेल?

बांबू क्वचितच अगदी सरळ असतो. ३०० ग्रॅम वजनाच्या काठीचा गुरुत्वमध्य अक्षापासून १ सेंटिमीटर बाजूला असला, तर ती बाजू वर उचलण्यासाठी ३०० ग्रॅम-सेंटिमीटर इतका पीळ लागतो. याला आघूर्ण म्हणतात. दुसरे टोक व मधला भाग गुळगुळीत आधारांवर टेकवला, तर काठीचे वजन मोटारीच्या दांड्यावर येत नाही. घर्षणासाठी थोडी जादा ताकद धरून १ किलोग्रॅम-सेंटिमीटर किंवा अधिक आघूर्णाची मोटार घ्यावी.

वीज गेली तर?

खरी अडचण येथे आहे. थर ओला असताना वीज गेली, मोटार थांबली, की दिवसाचे काम वाया जाते. जेथे वीज वारंवार जाते तेथे १२ व्होल्टची, दंतचक्रे असलेली दिष्ट प्रवाहाची मोटार बॅटरीवर चालवणे शहाणपणाचे. बॅटरी उतरेल तसा तिचा वेग थोडा घटेल. पण १२ फेऱ्यांचे १० झाले, तरी बिघडत नाही. बॅटरी नसेल, तर काठी मोटारीपासून सोडवून दर दोन-तीन मिनिटांनी हाताने अर्धा फेरा द्यावा. उन्हाळ्यात इपॉक्सी लवकर घट्ट होते. त्यामुळे फिरवण्याचा वेळ कमी लागतो. मात्र मिश्रणही थोडे थोडेच करावे, नाही तर ते वाटीतच घट्ट होते.

सावधान : घरातील २३० व्होल्टची जोडणी जाणत्या माणसाकडूनच करून घ्या. इपॉक्सी हाताळताना हातमोजे घाला आणि खिडक्या उघड्या ठेवा.

सोडवून पाहा

१. एका सिंक्रोनस मोटारीत २४ ध्रुव आहेत. ५० हर्ट्‌झवर तिचे मिनिटाला किती फेरे होतील? बाहेरच्या दांड्याला १० फेरे हवे असतील, तर दंतचक्रांनी वेग किती पट कमी करावा?

२. अमेरिकेत मिनिटाला १८ फेरे घेणारी सिंक्रोनस मोटार कोणी भारतात आणली. येथे तिचे किती फेरे होतील? ती जोडण्यापूर्वी तिच्यावरील आणखी कोणता आकडा तपासाल?

(उत्तरे : १. २५० फेरे; २५ पट. २. १५ फेरे, व्होल्टचा आकडा, कारण १२० व्होल्टची मोटार २३० व्होल्टवर जळेल.)