छोटी आगगाडी : नवी कोरी की वापरातली?

विनोबांचे जन्मगाव म्हणून गागोदे बुद्रुक महाराष्ट्राला ठाऊक आहे. आगगाडीशी मात्र गावाचा संबंध दुरूनच. रोह्यापर्यंतचा लोहमार्ग १९८६ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून पेणच्या स्टेशनावर गाड्या पाहणे ही इकडच्या मुलांची हौस झाली. माझे मामा रेल्वेच्या डिझेल शेडमध्ये फिटर होते. निवृत्तीनंतर त्यांनी पत्रा व पितळ वापरून एका इंजिनाची प्रतिकृती बनविली, तिला छोटी मोटार बसविली आणि ती मला दिली. ती नवी कोरीच ठेवावी, की खऱ्या इंजिनाप्रमाणे तिच्यावर धूळ, काजळी व गंज यांच्या छटा चढवाव्यात? इंग्रजीत या कामाला ‘वेदरिंग’ म्हणतात. जगभरच्या शौकिनांमध्ये याविषयी दोन तट आहेत. त्या दोन्ही बाजूंचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिला पक्ष नवेपणाचा. मूळ रंगातील, खोक्यासह जपलेल्या प्रतिकृतीला संग्राहक अधिक मोल देतात. शिवाय एकदा चढविलेली काजळी पुन्हा निखळ उतरत नाही. काही गाड्या तर नव्याच शोभतात. १ जून १९३० रोजी ‘दख्खनची राणी’ मुंबईहून पुण्यास प्रथम निघाली, ती नव्या डब्यांचा साज लेवून. त्या दिवसाची प्रतिकृती करणाऱ्याने तिच्यावर धूळ दाखविली, तर ती इतिहासाची चूक ठरेल.

दुसरा पक्ष म्हणतो की, गाडी ही काम करणारी वस्तू आहे. पेणच्या कारखान्यांतून दरवर्षी गणेशमूर्ती बाहेर पडतात. त्यांचा रंग ताजाच हवा, कारण मूर्तीला वय नसते. गाडीला वय असते, आणि ते अंगावर दिसते. डिझेल इंजिनाच्या छतावर धुराड्याभोवती काजळी साचते. इंधन भरण्याच्या तोंडाखाली तेलाचे ओघळ उतरतात. ब्रेकचे लोखंडी ठोकळे चाकांवर घासून उडालेला कीस गंजतो, आणि गाडीचा खालचा भाग तपकिरी होतो. देशावर काळ्या मातीची धूळ, तर रत्नागिरीकडे जांभ्याची तांबडी. म्हणजे मळ हासुद्धा गाडीचा पत्ता सांगतो. कोकण रेल्वेच्या संपूर्ण मार्गाचे विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झाले. डिझेलची ती काजळी आता हळूहळू आठवणीत जमा होईल. तिची नोंद प्रतिकृतीत ठेवणे हेही एक जतनच आहे.

परंतु येथे गणित विसरून चालत नाही. प्रचलित १ : ८७ या प्रमाणात २१.३ मीटरचा डबा साधारण २४.५ सेंटिमीटरचा होतो. एक मीटर अंतरावरून प्रतिकृती पाहणे म्हणजे खरी गाडी ८७ मीटरांवरून पाहणे. तेवढ्या अंतरावरून गंजाचा एकेक ठिपका दिसत नाही, नुसती छटा दिसते. पाव मिलिमीटर जाडीचा रंगाचा थर प्रत्यक्षात सुमारे २२ मिलिमीटरचा चिखल ठरेल! म्हणून रंग अगदी पातळ करावा, वरून खाली ओढून फडक्याने बराचसा पुसून घ्यावा. धुळीसाठी खडूची बारीक पूड पुरते. प्रथम पुठ्ठ्यावर हात बसवावा.

आणखी एक व्यावहारिक अडचण आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. तेथील छोट्या शहरातून गाड्या खरोखर धावतात. अशा धावत्या प्रतिकृतींत सामान्यतः वीज रुळांतून चाकांवाटे मोटारीकडे जाते. चाकांच्या कडेवर रंग अथवा पूड बसली की गाडी अडखळते. सारांश, कितीही मळवा, चाक व रूळ यांचा स्पर्श स्वच्छच हवा.

हा सगळा अभ्यास करून मी मामांना माझा बेत सांगितला. ते काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “अरे, जे पुसण्यात आमचा जन्म गेला, तेच तू मुद्दाम लावणार?”

या प्रश्नाला माझ्या टिपणवहीत उत्तर नव्हते. मळ म्हणजे श्रमाची खूण, असे मी धरून चाललो होतो. पुसणे हाही श्रमच, हे ध्यानीच आले नव्हते. मी त्यांना विचारले, “मामा, पुसूनही काय राहायचे?” तेव्हा ते रंगले. हाताळून उजळलेल्या दांड्या, पायऱ्यांवरचा उडालेला रंग, जाळीच्या फटींतली काजळी, फडके न पोहोचणारे सांधे, एकेक जागा त्यांनी बोटाने दाखविली. त्यांची प्रत्येक खूण कोठल्या ना कोठल्या हाताची होती.

माझ्या मते या वादाचे उत्तर तेथेच आहे. दिवस नवेपणाचा असेल तर गाडी नवी ठेवावी. अन्यथा मळ दाखवावा, पण त्याबरोबर तो पुसणारा हातही दिसला पाहिजे. सगळीकडे सारखी फासलेली धूळ टाकून दिलेल्या इंजिनाची असते, चालत्या इंजिनाची नव्हे.

इंजिनाची बाजू मी स्वच्छच ठेवली आहे. छताला थोडी काजळी दिली आहे. पायऱ्यांचा रंग मात्र मामांनी स्वतः खरवडला.