‘दातानं काय कुणी मरत नाही’

‘नीट’चा निकाल लागला की माझ्या दवाखान्यात दाढदुखीच्या पेशंटांच्या रांगेत आई-वडीलही येऊन बसतात. एमबीबीएस थोडक्यात हुकलं, आता बीडीएसला घालू का? मागच्या मोसमात एक आई मुलीला घेऊन आल्या. म्हणाल्या, “मुलीसाठी हे बरं ना डॉक्टर? रात्री-अपरात्री धावपळ नाही. दातानं काय कुणी मरत नाही.”

मुलगी मान खाली घालून बसली होती. तिला म्हटलं, आज इथंच थांब आणि बघ.

तासाभरात एक टेम्पोचालक आले. खालची अक्कलदाढ महिनाभर ठणकत होती. आधी मेडिकलमधून वेदनाशामक गोळ्या, मग दाढेत मिश्री, मग मोबाइलवर बघून लसणाचा लेप आणि शेवटी रात्रभर गालाला शेक. जबड्याखाली दोन्ही बाजूंना लाकडासारखी टणक सूज, तोंडात जेमतेम एक बोट जाईल एवढीच फट, जीभ वर उचललेली. तोंडात घास ठेवून बोलावं तसे शब्द येत होते. लाळ गिळता येईना म्हणून रुमाल भिजून गेला होता. पत्नी म्हणाल्या, “सुजेवर दाढ काढत नाहीत म्हणे, म्हणून सूज उतरायची वाट बघत होतो.”

मी दाढेला हात लावला नाही. मोठ्या रुग्णालयात फोन केला आणि त्याच पावली त्यांना तिकडे धाडलं. दाढेच्या मुळाशी झालेला पू जिभेखाली पसरला की जीभ मागे रेटली जाते आणि श्वासाची वाट बंद होऊ लागते. याला लुडविग्ज अँजायना म्हणतात, आणि यानं माणूस दगावतो. शस्त्रक्रिया करून पू काढला, दाढही काढली. ते वाचले. एक दिवस आणखी घरी काढला असता, तर काय झालं असतं हे मला सांगवत नाही.

म्हणून कळकळीनं सांगते. दाढ दुखते म्हणून घाबरून जाऊ नका. कीड वेळेत दाखवली तर साध्या फिलिंगवर भागतं. उशीर झाला तरी रूट कॅनाल करून बहुतेक वेळा दात वाचतो. वरची दाढ काढल्यानं नजर जात नाही. दाताची नस वेगळी, डोळ्याची वेगळी. पण गालावर किंवा जबड्याखाली सूज वाढत असेल, ताप असेल, तोंड उघडेना, गिळताना त्रास होत असेल, तर त्याच दिवशी दाखवा. श्वास लागत असेल तर दंतवैद्याकडेही थांबू नका, थेट रुग्णालय गाठा. सुजेला गरम शेक नको. सूज उतरायची वाट बघत घरी बसायचं नाही. दाढ कधी काढायची ते आम्ही ठरवू. तोंडात दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, गुटखा-खर्रा खाणाऱ्याचं कमी-कमी उघडणारं तोंड, हे दुखत नसलं तरी दाखवायलाच हवं. आणि बाजारात बसून दाढेतून ‘किडा’ काढून दाखवणारा तुम्हाला फसवतोय. दाताच्या किडीत अळी नसते.

आता आई-वडिलांसाठी. ‘दातानं कुणी मरत नाही’ म्हणून पेशंट उशिरा येतात, आणि त्याच समजुतीनं तुम्ही मुलांना उरलासुरला पर्याय म्हणून इकडे ढकलता. बीडीएस चार वर्षांचं आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. त्यात शरीररचना, औषधशास्त्र, जनरल मेडिसिन, जनरल सर्जरी सगळं आहे. त्या सकाळी ती सूज ओळखता आली ती या अभ्यासामुळे. हा डॉक्टर अर्धा नसतो.

काम कष्टाचं आहे, हेही लपवत नाही. पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून एक-एक दात कोरायला लावतात. ज्याला त्यात गोडी वाटते, चुकलं की पुन्हा नवा ठोकळा घेऊन बसवतं, त्यानं खुशाल यावं. पुढं तासन्‌तास वाकून मान-पाठ धरते. स्वतःचा दवाखाना टाकायला खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे यांचा खर्च, आणि पेशंट जमेपर्यंत काही वर्षं कळ काढावी लागते. खासगी कॉलेजची फी कर्ज काढून भरणार असाल तर आधी तिथल्या ओपीडीत एक सकाळ घालवा. खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर मुलांचे हात तयार कुठून होणार? आणि एमबीबीएससाठीच जीव तुटत असेल, तर पोरीला मन मारून इकडे पाठवू नका.

ती मुलगी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत थांबली. चौथ्या दिवशी एकटीच आली आणि दारातूनच विचारलं, “मॅडम, त्या काकांच्या तोंडात आता किती बोटं जातात?”

“दोन,” मी म्हटलं.