अडणारें कुलूप : परीक्षा व दुरुस्ती

पावसाळा लागला कीं शेतकऱ्याच्या घरांतील एखादें तरी कुलूप अडूं लागतें. कोठीचें कुलूप अडलें तर ऐन पेरणीच्या घाईंत बियाणें बाहेर निघण्यास उशीर होतो. परंतु कीटकनाशकांच्या कपाटाचें कुलूप अडूं लागलें म्हणजे घरचीं माणसें कंटाळून तें लावण्याचेंच सोडून देतात, आणि विषाचे डबे लहान मुलांच्या हातीं पडण्याचा मार्ग मोकळा होतो. म्हणून हा दोष क्षुल्लक मानूं नये.

दोषाची परीक्षा.— प्रथम दार उघडें ठेवून किल्ली फिरवावी. उघड्या दारांत ती सहज फिरली व दार लावल्यावरच अडली, तर दोष दाराचा किंवा चौकटीचा होय. टांगतें कुलूप असेल तर तें कोयंड्यांतून काढून हातांत घेऊन पाहावें. तरीहि किल्ली अडत असल्यास जपून ठेवलेली दुसरी किल्ली लावावी. तिनें काम झालें तर पहिली झिजली आहे असें समजावें. नवी किल्ली करवितांना नमुना म्हणून न झिजलेलीच द्यावी. नाहींतर जुनी झीज नव्या किल्लींत उतरते. दोन्ही किल्ल्या अडल्या तर दोष कुलपाच्या पोटांत आहे.

कुलपाचा दोष.— धूळ, गंज व आटलेलें तेल हीं अडण्याचीं मुख्य कारणें. घरांत जें तेल हातीं येईल तें कुलपांत ओतण्याची चाल बरी नव्हे. जवसाचें व करडईचें तेल हवेंत सुकून त्याचा चिकट थर बनतो; जवसाचें तेल रंगांत घालतात तें याच गुणामुळें. खोबरेल थंडींत थिजतें. असें कुलूप टांगतें असल्यास तें रात्रभर रॉकेलांत बुडवावें, सकाळीं किल्ली वारंवार फिरवून मळ झटकावा व कुलूप पूर्ण वाळवावें. हें काम चूल, दिवा व विडी यांपासून दूर करावें.

नंतर मऊ पेन्सिलीचें शिसें किल्लीच्या दात्यांवर घासून ती दहा-वीस वेळां कुलपांत फिरवावी. हें खरें शिसें नसून ग्राफाइट होय. तें कोरडें असल्यामुळें धूळ धरीत नाहीं. मात्र त्यानें गंज थांबत नाहीं. म्हणून उघड्यावर भिजणाऱ्या कुलपांत ग्राफाइटाऐवजीं शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब घालावे आणि वरून जुन्या ट्यूबचा तुकडा झांकण म्हणून लावावा. तेल व ग्राफाइट एकत्र घालूं नये. त्यांचा लगदा होतो.

दाराचा दोष.— दार किंचित् उचलून धरल्यावर किल्ली फिरत असेल, तर दार बिजागऱ्यांवर खालीं आलें आहे. वरच्या बिजागरीचे स्क्रू घट्ट करावे. भोंक सैल झालें असल्यास सरस लावलेली बांबूची काडी त्यांत ठोकावी व सरस वाळल्यावर स्क्रू पुन्हां बसवावा. कुलपाची जीभ चौकटीवर कोठें आदळते हें कळण्यासाठीं तिला काजळ लावून दार लोटावें. डाग पडेल तेथें खांच कानशीनें थोडी वाढवावी.

लांकूड दमट हवेंत फुगतें व उन्हाळ्यांत आकसतें. यास्तव श्रावणांत दार रंध्याने भरमसाट तासूं नये. तसें केल्यास वैशाखांत फट पडते आणि उंदरांना कोठींत वाट मिळते. घासणारी जागा पावसाळ्यांत खुणेनें राखावी, लांकूड वाळल्यावर तेवढीच तासावी, आणि दाराच्या वरच्या व खालच्या कडांना रंग द्यावा. कारण पाणी लांकडांत विशेषतः कापलेल्या टोकांतून शिरतें.

वर्ज्य गोष्ट.— अडलेली किल्ली पकडीनें पिळूं नये. ती मोडून तुकडा आंत राहिला, तर पांच मिनिटांचें काम दिवसभराचें होतें. तुकडा बारीक चिमट्यानें सरळ बाहेर ओढावा. दुसरी किल्ली घालून तो आंत लोटूं नये.

मृगापूर्वीं औतें नीट करण्याचा आपला प्रघात आहेच. त्याच दिवशीं घरांतील सर्व कुलुपें तपासावीं, आणि विषाच्या कपाटाचें सर्वांत आधीं तपासावें.