बिनतारी माईक : मांडणी आणि वापर

डहाणू व तलासरी तालुक्यांतील शालेय संमेलनांत तारपानृत्याला मानाचे स्थान असते. तारपावादक मध्यभागी असतो व मुले त्याच्याभोवती फेर धरतात. तारेचा माईक ठेवला तर तार नाचणाऱ्यांच्या पायांत येते. म्हणून बिनतारी माईक सोयीचा. परंतु चार माईकांचा संच आणून बटण दाबले की काम संपले, असे नाही. घरी वारली बोलणारे मूल प्रथमच साऱ्या गावापुढे उभे राहते आणि नेमका तेव्हाच माईक तुटक बोलू लागतो किंवा शीळ घालतो. लोक हसतात, आपलेच काही चुकले, असे मूल समजते. हा प्रसंग टाळणे शिक्षकाच्या हाती आहे.

संचाची रचना

माईक आवाजाचे विद्युत्संकेतांत रूपांतर करतो. त्यातील प्रक्षेपक ते संकेत रेडिओलहरींवरून पाठवितो. रिसीव्हर ते ग्रहण करून मिक्सर व ॲम्प्लिफायर यांच्या द्वारे कर्ण्यापर्यंत पोचवितो. प्रत्येक माईकला स्वतंत्र वारंवारिता, म्हणजे स्वतंत्र चॅनेल लागतो.

चॅनेल वेगळे असणे एवढ्यानेही भागत नाही. दोन प्रक्षेपक जवळ आले की त्यांच्या लहरींच्या मिश्रणातून नव्या वारंवारिता उद्भवतात. समजा, एक माईक ६०० व दुसरा ६०१ मेगाहर्ट्झवर आहे. ६०१ ची दुप्पट १२०२. त्यातून ६०० वजा केले की ६०२ उरतात. तिसरा माईक ६०२ वर ठेवल्यास त्यात खरखर येईल. म्हणून चॅनेल समान अंतराने निवडू नयेत. संचात चॅनेलचे ‘ग्रूप’ दिलेले असल्यास सर्व माईक एकाच ग्रूपमधील घ्यावेत. हा हिशेब करूनच ते ठरविलेले असतात. सातवीच्या मुलांना हे गणित फळ्यावर अवश्य घालावे.

कार्यक्रमापूर्वीची तपासणी

(१) सर्व माईक बंद ठेवून रिसीव्हर सुरू करावेत. माईक बंद असताही संकेताचा दिवा लागला, तर त्या चॅनेलवर अन्य लहरी आहेत, चॅनेल बदलावा.

(२) मग एकेक माईक सुरू करीत जावे. सर्व सुरू झाल्यावर एकच बंद करून त्याचा रिसीव्हर शांत राहतो का, ते पाहावे. असे प्रत्येकाचे करावे.

(३) रिसीव्हर रंगमंचाच्या बाजूस, उंचावर ठेवावा. लोखंडी कपाटाआड ठेवू नये. माणसाचे शरीरही लहरी शोषून घेते. म्हणून माईक व रिसीव्हर यांच्यामध्ये गर्दी नसावी.

(४) सेल नवे घालावेत. कार्यक्रम संपताच काढून ठेवावेत. डहाणूच्या किनाऱ्यावरील दमट हवेत त्यांची टोके लवकर गंजतात.

(५) ॲम्प्लिफायर सर्वांत शेवटी सुरू करावा व सर्वांत आधी बंद करावा.

शीळ का येते?

कर्ण्याचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरला की शीळ येते. कर्णे माईकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवावेत. माईकची जाळी मुठीत धरू देऊ नये. वापरात नसलेला माईक बंद ठेवावा. उघड्या माईकांची संख्या वाढली की शिळेचा संभवही वाढतो. मुलाचा आवाज बारीक असेल तर प्रथम आवाज वाढवू नये, माईक जवळ न्यावा. अंतर निम्मे केले की माईकवर पडणारा ध्वनीचा दाब सुमारे दुप्पट होतो. तोंडापासून एक वीत अंतर सामान्यतः पुरते. तारप्याचा सूर मात्र मोठा. त्याचा चॅनेल मिक्सरवर कमी ठेवावा, नाहीतर गाणाऱ्या मुलांचे शब्द बुडतात.

दोन सूचना

ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये ध्वनिवर्धकास परवानगी लागते व रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर तो सामान्यतः लावता येत नाही. तसेच नोव्हेंबर २०१८ पासून या परिसराने भूकंपाचे अनेक धक्के सोसले आहेत. मैदानावरील सरावात माईकने सूचना द्याव्यात. पण वीज गेली की संच मुका होतो, म्हणून घंटा व शिट्टी हाताशी ठेवावी.

बोर्डी व पुढे कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मूल जेथे आहे तेथे शाळा नेली. माईकच्या बाबतीतही हाच क्रम ठेवावा. मुलाला माईकपर्यंत टाचा उंचावयास लावू नये; माईक मुलाच्या तोंडापर्यंत न्यावा. संमेलनाच्या आदल्या दिवशी प्रत्येक मुलाला एकदा तरी माईकवर आपले नाव सांगू द्यावे.