धंद्याची किंमत नेमकी किती? गलाई दुकानाच्या हिशोबातून समजून घेऊया



आपल्या आटपाडी, खानापूर, विटा भागातली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यावर उभी राहिली. पाऊस कमी, शेती बेभरवशाची. म्हणून माणसं बाहेर पडली आणि केरळ-तामिळनाडूपासून उत्तरेपर्यंत मोडीचं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायची दुकानं टाकली. बरीच दुकानं भावाभावांत किंवा पै-पाहुण्यांच्या भागीत चालतात. धंदा चालू असतो तोवर किंमत कुणी विचारत नाही. एक जण म्हणतो, "मला आता गावाकडं जायचंय, माझा हिस्सा द्या." तिथून खरा प्रश्न सुरू होतो. हिस्सा कशाचा? आणि किती?

वहीतली किंमत म्हणजे धंद्याची किंमत नाही

एक काल्पनिक हिशोब घेऊ. दोन भाऊ, निम्मी-निम्मी भागी. वहीप्रमाणे:

- स्वतःचं सोनं २०० ग्रॅम, ५,००० रुपये दराने घेतलेलं: १० लाख
- भट्टी, काटा, फर्निचर: ३ लाख
- गाळ्याचं डिपॉझिट: ५ लाख
- येणं: ४ लाख
- देणं: ७ लाख

२२ लाखांतून ७ लाख देणं वजा केलं की उरतात १५ लाख. म्हणजे प्रत्येकी साडेसात लाख. बहुतेक जण इथंच थांबतात.

आता हिस्सा ठरवायच्या दिवशीचा दर ९,००० धरू. तेच सोनं १८ लाखांचं झालं. येण्यातला १ लाख बुडीत आहे, म्हणून येणं ३ लाख. आता १८ + ३ + ५ + ३ = २९, वजा ७. निव्वळ मालमत्ता २२ लाख.

इथं एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. गिऱ्हाइकानं शुद्ध करायला दिलेलं सोनं दुकानात असलं तरी ते तुमचं नाही. ते हिशोबात धरायचं नाही. मोजणीच्या दिवशी स्वतःचं आणि गिऱ्हाइकाचं सोनं वेगळं करून वजनासकट लिहून काढा.

कमाईवरून किंमत

दुकानाला नाव असतं, बांधलेली गिऱ्हाइकं असतात. त्याचीही किंमत असते. ती कमाईवरून काढतात.

समजा, वर्षाचा नफा १४ लाख. पण दोन्ही भाऊ पगार न घेता राबतात. त्यांच्या जागी माणसं ठेवली तर महिन्याला ३० हजारांप्रमाणे दोघांचे वर्षाला ७ लाख २० हजार लागतील. ते वजा केले की धंद्याचा खरा नफा ६ लाख ८० हजार. घेणारा म्हणाला, "चार वर्षांत माझे पैसे सुटले पाहिजेत," तर किंमत २७ लाख २० हजार. निव्वळ मालमत्तेपेक्षा जास्तीचे ५ लाख २० हजार म्हणजे दुकानाच्या नावाची किंमत, गुडविल.

प्रत्येकी हिस्सा झाला १३ लाख ६० हजार. वहीप्रमाणे साडेसात होता. फरक ६ लाख १० हजारांचा. एवढ्या रकमेवरून भाऊ भावाशी बोलायचा बंद होतो.

चारचा आकडा काही नियम नाही. गिऱ्हाइकं जाणाऱ्या भावाच्याच ओळखीची असतील, तर तो आकडा खाली येतो. धंदा कोणाच्या जिवावर चालतो, हे प्रामाणिकपणे बघा.

मूल्यांकन कधी करायचं?

- भागीदार बाहेर पडतोय किंवा नवीन येतोय.
- भावांची वाटणी आहे किंवा भागीदार वारला आहे. करारात वेगळं लिहिलं नसेल, तर भागीदाराच्या मृत्यूनं फर्म संपते (भागीदारी कायदा १९३२, कलम ४२).
- चालू धंदा विकायचाय किंवा विकत घ्यायचाय.
- प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. कंपनी कायदा २०१३ खाली जिथं मूल्यांकन लागतं, तिथं कलम २४७ प्रमाणे नोंदणीकृत मूल्यांककच लागतो. भागीदारीतल्या आपसातल्या हिशोबाला तशी सक्ती नाही. जाणकार सीए दोघांनी मिळून नेमला तरी चालतं.

बँकेच्या कर्जासाठी जो व्हॅल्युअर येतो, तो तारण दिलेल्या जागेची किंमत काढतो. तो रिपोर्ट म्हणजे तुमच्या धंद्याची किंमत नाही.

हिशोब लांबवला तर?

भागीदार बाहेर पडला, अंतिम हिशोब झाला नाही आणि बाकीच्यांनी त्याचा पैसा वापरून धंदा चालू ठेवला, तर कलम ३७ प्रमाणे तो पर्याय निवडू शकतो: त्याच्या हिश्श्यामुळं झालेल्या नफ्यातला वाटा किंवा हिश्श्यावर वर्षाला ६ टक्के व्याज. करारात वेगळं ठरलं असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे "बघू पुढच्या दिवाळीला" म्हणणं राहणाऱ्यालाही महागात पडतं.

या आठवड्यात एवढं करा

भागीदारीचा करार काढा आणि चार गोष्टी लिहिल्यात का बघा:

१. किंमत कोणत्या पद्धतीनं काढायची?
२. सोन्याचा दर कोणत्या तारखेचा धरायचा?
३. मूल्यांकन कोण करणार आणि त्याची फी कोण देणार?
४. पैसे किती हप्त्यांत द्यायचे?

नसतील तर दोघांचं पटतंय तोवरच लिहून घ्या. कर किती बसेल, ते सही करण्याआधी सीएला विचारा. आज हा कागद करायला एक दुपार लागेल. भांडण झाल्यावर तोच कागद करायला कोर्टाच्या किती तारखा लागतील, सांगता येत नाही.